सौदा सगळ्यांसमोर

निकॉनचा डी-५०० हा कॅमेरा मला पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी हवा होता. डभोईजवळचं वढवाणा तळं बडोद्याहून पहाटे निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल इतकं जवळ. गायकवाडी काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं हे तळं २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब उतरतात, चक्रवाक असतात. माझ्या साध्या कॅमेऱ्याला बसलेला पक्षी जमायचा, उडणारा नाही. डी-५०० सेकंदाला दहा फोटो काढतो आणि त्याचे फोकसचे १५३ बिंदू चौकटीच्या दोन्ही कडांपर्यंत पसरलेले असतात. पण २०२२ पासून त्याची निर्मिती बंद आहे, म्हणजे घ्यायचा तर वापरलेलाच.

वापरलेला कॅमेरा शोधायला निघालं की सगळा व्यवहार "छेल्लो भाव?" (शेवटचा भाव काय?) याच्याभोवती फिरतो. आपण कॅमेऱ्याच्या अवस्थेबद्दल विचारावं, तर समोरचा आपण किती देणार ते विचारतो. एकाच कॅमेऱ्याचा भाव मला एक सांगितला गेला आणि माझ्या मैत्रिणीला दुसरा. माझे मामा खानदेशातले. बाजार समितीतल्या जुन्या हत्ता पद्धतीबद्दल ते सांगायचे: दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून नुसता रुमालाकडे बघायचा. कॅमेऱ्याच्या बाजारात माझी गत तीच होती.

आमचं फोटो काढणाऱ्यांचं एक मंडळ आहे. दांडिया बाजारात एका सदस्याच्या घरी महिन्यातून एकदा सगळे जमतात. मराठी, गुजराती, लग्नाचे फोटो काढणारे, फाइन आर्ट्‌सची मुलं, निवृत्त मंडळी. तिथे सामान विकायचं तर मंडळाची रीत ठरलेली आहे. किंमत सगळ्यांसमोर सांगायची, कमी मागायची तर कारण सगळ्यांसमोर द्यायचं, आणि सौदा ठरला की शेवटचा आकडा वहीत लिहायचा. बाजूला घेऊन कुजबुज चालत नाही. ज्याला घ्यायचं नाही त्यालाही बोलायची मुभा आहे, पण वस्तूबद्दल, माणसाबद्दल नाही.

मकरपुऱ्याच्या एका काकांनी त्यांचा डी-५०० आणला. खांदा दुखतो म्हणून ते आत आरसा नसलेल्या, हलक्या मिररलेस कॅमेऱ्याकडे वळले होते. त्यांनी मूळ बिल टेबलावर ठेवलं: २०१८ चं, एकूण १,३४,४०० रुपये. म्हणाले, "निम्मी धरली आहे. सदुसष्ट हजार."

मला कॅमेरा हवाच होता, आणि हे मंडळींना माहीत होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत "जास्त सांगताय" म्हणायला जीभ रेटेना. मी आधी बिल हातात घेतलं. मूळ किंमत १,०५,००० आणि त्यावर २८ टक्के जीएसटी. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा हा कर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे त्याच मूळ किमतीचा कॅमेरा पुढच्याच वर्षी १,२३,९०० ला पडला असता. मी म्हणाले, "काका, निम्मीच धरू या. पण त्या जास्तीच्या कराची निम्मी माझ्याकडून नको." काकांनी मोबाइलवर हिशेब केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. बासष्ट." एवढंच. आवाज चढला नाही की कोणाचा चेहरा पडला नाही.

मग कॅमेरा उघडला. या भागाला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तो द्यायलाच हवा. एका दादानं एक फोटो काढून ती जेपीईजी फाइल जशीच्या तशी लॅपटॉपवर घेतली. निकॉनच्या फाइलमध्ये शटर (फोटो काढताना उघडझाप करणारा पडदा) किती वेळा पडलं याची नोंद असते, फक्त ती फाइल कुठल्या सॉफ्टवेअरमधून गेलेली नसावी. आकडा निघाला १,१८,०००. या मॉडेलचं शटर कंपनीनं २,००,००० पर्यंत तपासलेलं आहे; त्यानंतर ते बंद पडतंच असं नाही, पण अर्ध्याहून अधिक आयुष्य सरलं हे खरं. नंतर खिडकीतून आभाळाचा एक फोटो एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून काढला. सेन्सरवरची धूळ अशा फोटोत करड्या ठिपक्यांसारखी दिसते. वरच्या कोपऱ्यात दोन ठिपके होते, सफाईने जाण्यासारखे. लेन्सचं झाकण लावून लांब एक्सपोजर दिलं, जळके पिक्सेल, म्हणजे अंधारातही चमकणारे बिघडलेले ठिपके, दिसले नाहीत. मागे अंगठा टेकतो तिथलं रबर मात्र सुटलं होतं. काकांनी ते फेविक्विकने चिकटवलं होतं, आणि कडेला वाळलेल्या गोंदाची पांढरी रेघ राहिली होती. त्यांनी ती स्वतःच दाखवली. बडोद्याच्या मे महिन्यात गाडीत राहिलेल्या कॅमेऱ्याचं हे हमखास दुखणं.

इथे मंडळाचा खरा उपयोग झाला. मी शटर आणि रबर ही दोन कारणं सांगून पंचावन्न म्हटलं. काका म्हणाले की सोबत फोटो साठवायचं एक एक्सक्यूडी कार्ड देतोय, त्याचे धरा. लगेच एक जण बोलला, "ही कार्डं आता मिळत नाहीत, पुढे अडचण येईल, उलट भाव उतरायला हवा." हे माझ्या फायद्याचं होतं. पण फाइन आर्ट्‌सच्या एका मुलीनं ते तिथेच खोडलं: २०२० च्या अखेरीस निकॉननं या कॅमेऱ्यासाठी नवं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) दिलं, त्यानंतर त्याच खाचेत सीएफएक्सप्रेस टाइप बी हे नव्या प्रकारचं कार्ड चालतं. मेनूत बघितलं तर जुनंच फर्मवेअर होतं. तिनं तिथल्या तिथे ते उतरवून कार्डावर घेतलं आणि चढवून दिलं. काकांच्या कॅमेऱ्याची किंमत माझ्या डोळ्यांदेखत सावरली आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. बंद दाराआड हाच सौदा झाला असता, तर ते चुकीचं कारण माझ्या बाजूने तसंच राहिलं असतं आणि काकांनी विनाकारण दोन-तीन हजार गमावले असते.

साडेसत्तावन्न हजारांवर ठरलं. कार्ड, दोन बॅटऱ्या, चार्जर आणि मूळ बिल यांसकट. एका गृहस्थांनी मध्येच काकांना जिन्याकडे बोलावून साठ देऊ केले होते. काका आत येऊन सगळ्यांना म्हणाले, "साठ आलेत. कारण असेल तर इथे सांगा." त्या गृहस्थांकडे कारण नव्हतं, त्यांना फक्त कॅमेरा आजच हवा होता. काकांनी बोलणं चालू होतं तिथेच राहू दिलं. त्यांनी साठ घेतले असते तरी मी तक्रार केली नसती, माल त्यांचा. पण मंडळाच्या रीतीवर काकांचा असलेला हा भरवसा मला फार मोठा वाटतो.

पैसे यूपीआयनं दिले. बँकेची एका दिवसाची मर्यादा आधी बघून ठेवा, ऐनवेळी व्यवहार अडकतो. एका कागदावर कॅमेऱ्याचा सीरियल नंबर, तारीख, शटरचा आकडा आणि रबराची अवस्था लिहून आम्ही दोघांनी सह्या केल्या. सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवून बघितला. चोरीचा माल नाही याची तेवढी तरी खात्री हवी. बिलामागे काकांनी "विकला" असं लिहून सही केली.

वहीतही नोंद झाली: डी-५००, शटर १,१८,०००, रबर सुटलेलं, फर्मवेअर नवं, ५७,५००. पुढच्या बैठकीत एक मुलगा डी-७२०० विकायला घेऊन आला. किंमत सांगण्याआधी त्यानं वही मागून घेतली आणि आधी विकल्या गेलेल्या कॅमेऱ्यांचे शटरचे आकडे वाचत बसला.