चांदण्यातलं डोहाळजेवण : कोर, तारे आणि फुलांची वाडी घरी करताना

डोहाळजेवणाला बसवायचे प्रकार ठरलेले आहेत: झोपाळा, होडी, बाग, मखर, चांदणं. घरी हाताने करायचं तर मी चांदण्याकडे वळते. झोपाळ्याला भक्कम कड्या लागतात, होडीला मोठा सांगाडा लागतो आणि गरोदर बाईला त्यात चढवणं-उतरवणं हा वेगळाच प्रश्न. चांदण्याला पडदा, कोर, तारे आणि दिव्यांची एक माळ एवढं पुरतं, आणि ती साध्या खुर्चीवर बसू शकते.

सामान आणण्याआधी मी साडीचा रंग विचारते. साडी हिरवीच असणार, पण हिरव्यात फार फरक आहे. गडद निळ्या पडद्यापुढे बाटलीहिरवी साडी फोटोत बुडून जाते. चेहरा आणि हात तेवढे तरंगताना दिसतात. पोपटी किंवा रुंद जरीकाठाची हिरवी असेल तर गडद निळा पडदा उत्तम. साडी बाटलीहिरवीच ठरली असेल तर पडदा फिकट, राखाडीकडे झुकणारा निळा घ्यावा आणि तारे चंदेरीऐवजी सोनेरी करावेत.

त्यानंतर खुर्ची. हात असलेली, सरळ पाठीची, बसायची उंची साधारण ४५ सेंटीमीटर. सोफा किंवा बीन बॅग नको, कारण सातव्या महिन्यात खोल बैठकीतून उठायला त्रास होतो, आणि ओटी भरताना बायका कुंकू लावायला पुढे येतात तेव्हा तिला सारखं पुढे व्हावं लागतं. पायाखाली एक पाट हवाच. बाजारात मिळतात तसल्या, बसता येईल अशा चंद्राच्या फंदात मी पडत नाही. कोर खुर्चीच्या मागेच उभी करायची. पुढे ठेवली तर ती ओलांडून बसावं लागतं, आणि साडीचा घोळ सांभाळत कुणी काही ओलांडू नये.

पडद्याचा सांगाडा एक इंची पीव्हीसी पाइपचा. ८ फूट रुंद आणि ७ फूट उंच चौकटीला १० फुटांचे तीन पाइप बरोबर पुरतात: दोन पाइपमधून प्रत्येकी एक ७ फुटी खांब आणि दीड-दीड फुटाचे दोन पाय, तिसऱ्यातून ८ फुटांचा आडवा. जोडायला वर दोन एल्बो (काटकोनी जोड), खाली दोन टी (तीन तोंडांचे जोड). पाइप चिकटवायचं सोल्यूशन लावायचं नाही, नुसतं दाबून बसवायचं, म्हणजे नंतर सुटतं. आडवा पाइप एवढ्या लांबीत मध्ये झोळ खातोच, म्हणून त्याच्या आत पडद्याचा लोखंडी रॉड सरकवायचा. पायांवर, मागच्या बाजूला, पाच-पाच किलो तांदळाच्या पिशव्या. हॉलमध्ये भिंतीला खिळे मारू देत नाहीत, चिकटपट्टीने रंग निघाला तर अनामत रक्कम कापतात. स्वतःच्या पायावर उभी राहणारी चौकट असली की हा वादच येत नाही.

पडद्याला नवं कापड घ्यायची गरज नाही. एका रंगाच्या, शक्यतो सुती तीन साड्या मागून आणाव्यात. साडी साडेपाच मीटरची. ती आडव्या पाइपवरून दुहेरी टाकली की पुढचा थर जमिनीपर्यंत येतो, मागचा थरही येतो आणि पदर मागे लपतो. तीन साड्यांची रुंदी मिळून साडेतीन मीटरच्या आसपास होते, ती अडीच मीटरमध्ये चुण्या घालून बसते. दुहेरी कापडामुळे मागच्या खिडकीचा उजेडही आरपार येत नाही. सॅटिन मी टाळते: प्रत्येक घडी चमकते आणि इस्त्री कितीही केली तरी घडीची रेघ राहते. दुसऱ्याची साडी आहे, तेव्हा पिना फक्त काठाला.

आता कोर. थर्माकोल डोक्यातून काढून टाका. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड, म्हणजे प्लॅस्टिकचा हलका बोर्ड, घ्यावा. तो ८ बाय ४ फुटांत मिळतो, म्हणजे रुंदी १२२ सेंटीमीटर, आणि कोरीचा आकार या रुंदीत बसवावा लागतो. माझं माप असं: बाहेरचं वर्तुळ ७० सेंटीमीटर त्रिज्येचं. त्याच्या मध्यापासून २४ सेंटीमीटर बाजूला सरकून ५८ सेंटीमीटर त्रिज्येचं दुसरं. दोन्हींच्या मधला भाग म्हणजे कोर: पोटाशी ३६ सेंटीमीटर जाड, उंची १४० आणि रुंदी ११४, म्हणजे एका शीटमध्ये जोड न देता बसते. खिळ्याला सुतळी बांधून वर्तुळ काढू नये. सुतळी ताणली जाते आणि वर्तुळ सुरू केलं तिथे परत येऊन मिळत नाही. लाकडी पट्टीला हव्या त्या अंतरावर दोन भोकं पाडायची, एकात खिळा, दुसऱ्यात पेन्सिल. कटरचं पातं नवं हवं आणि एकाच दमात कापायचं नाही. पहिल्या फेरीत फक्त रेघ, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आरपार. जोर लावला की पातं वळणावर सरळ सुटतं.

कापल्यावर कागद चढवण्याआधी कोरीचं तोंड ठरवा. बहुतेक सजावटींत चंद्र इंग्रजी सी अक्षरासारखा असतो, पोट डावीकडे. आपल्याकडून आकाशात पाहिलं तर तो वद्य पक्षातला, पहाटे दिसणारा, क्षीण होत जाणारा चंद्र. संध्याकाळी पश्चिमेला दिसणाऱ्या शुक्ल पक्षातल्या कोरीचं पोट उजवीकडे आणि खाली कललेलं असतं, टोकं डावीकडे आणि वर. वाढत्या बाळाच्या कार्यक्रमाला वाढता चंद्रच हवा. पंचांग बघणारी एखादी आजी मांडवात असतेच, आणि ती हे पहिल्या नजरेत ओळखते. शीट उलटी केली की काम झालं, पण एका बाजूला कागद चिकटवून बसल्यावर नाही.

फेव्हिकॉल सनबोर्डला धरत नाही, कारण तो प्लॅस्टिक आहे आणि ओल शोषत नाही. कागद लावायला दुहेरी टेप, कडेने आणि मधे एक हातभर अंतरावर. पिवळं रबरी अॅडेसिव्ह पक्कं बसतं, पण त्याचा वास उग्र असतो. वापरायचंच तर गच्चीत, कार्यक्रमाच्या निदान दोन दिवस आधी. तीच गोष्ट स्प्रे रंगाची. वरचा कागद चंदेरी चकचकीत नको. मोबाइलचा फ्लॅश त्यावर पडला की फोटोत एक पांढरा डाग उरतो. सायरंगाचा, खडबडीत हातकागद सगळ्यात छान दिसतो.

उभं करायला मागे एक इंची लाकडी पट्टी आणि तिच्या खाली ४० सेंटीमीटरचा चौकोनी प्लायवूड, त्यावर वीट. ही पट्टी कोरीच्या जाड पोटामागून गेली पाहिजे, कारण सगळं वजन तिथेच आहे. वरखालची टोकं मात्र लोंबतात, पुढे झुकतात. प्रत्येक टोकामागे दोन फुटांची बारीक पट्टी तिरकी चिकटवली की ती ताठ राहतात. कोर जमिनीपासून २५ सेंटीमीटर वर धरायची, खुर्चीचा मध्य कोरीच्या आतल्या कडेपासून ५८ सेंटीमीटर डावीकडे. म्हणजे तिचं डोकं कोरीच्या कुशीत येतं आणि कोरीचं पोट खुर्चीमागे झाकलं जात नाही.

दिव्यांची माळ कोरीच्या पुढे नाही, मागे. कडेपासून दोन बोटं आत टेपने लावायची आणि कोर पडद्यापासून दहा-पंधरा सेंटीमीटर पुढे ठेवायची. उजेड कापडावर पसरतो आणि कोरीभोवती खळं पडतं. माळ पिवळसर पांढऱ्या उजेडाची घ्या. निळसर पांढऱ्यात चेहरा आजारी दिसतो. यूएसबीवर चालणारी माळ पॉवर बँकेला जोडून खुर्चीमागे ठेवली की येण्याजाण्याच्या वाटेत वायर येत नाही. लुकलुकणं बंद ठेवा, व्हिडिओत फार त्रास देतं.

तारे ९ सेंटीमीटरचे, जाड सोनेरी कार्डाचे. ए-फोर आकाराच्या एका कागदात सहा बसतात. प्रत्येक टांगता तारा दुहेरी, पाठीला पाठ लावलेला, नाहीतर गिरकी घेतल्यावर पांढरी बाजू दिसते. तंगुसात (नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्यात) ओवून माळेच्या शेवटी एक जड मणी. चौकटीच्या दोन्ही कडांना दोन-दोन लांब माळा, प्रत्येकी सात ताऱ्यांच्या. कोरीच्या वर तीन आखूड, प्रत्येकी दोन. एकूण ३४ तारे, म्हणजे ६८ तुकडे, बारा कागद. डावीकडच्या माळांना वरचा दीड फूट मोकळा ठेवायचा, कारण तिथे सप्तर्षी येतात. कोरीच्या पोकळीत मात्र एकही तारा नको. तो भाग चंद्राचाच अंधारातला भाग असतो, त्याच्या आरपार तारा दिसेल कसा?

सप्तर्षी टांगायचे नाहीत, हलले की आकार मोडतो. आणखी एक कागद घेऊन एकेरी तारे कापायचे आणि पडद्याला टाचायचे. क्रतू, पुलह, पुलस्त्य आणि अत्री यांचा चौकोन. अंगिरस, वसिष्ठ, मरीची यांची शेपटी. अत्री इतरांपेक्षा मंद, म्हणून तो थोडा लहान. शेपटीतल्या मधल्या वसिष्ठाला खेटून ४ सेंटीमीटरची अरुंधती. सगळी मांडणी तीन-साडेतीन फूट रुंद आणि दीड फुटाच्या आत उंच बसते. शुक्ल पक्षातली कोर पश्चिमेला आणि सप्तर्षी उत्तरेला, एका पडद्यावर दोन दिशा आल्या खऱ्या. एवढी सूट मी घेते.

पंख्याचं काय करायचं हे आदल्या दिवशीच ठरवा. वरचा पंखा लावला तर माळा एकमेकींत गुंततात, न लावला तर ती घामाघूम होते. टेबलफॅन तिच्या समोर एका बाजूला, वारा अंगावर येईल आणि पडद्याकडे कमीत कमी जाईल असा ठेवावा.

फुलांची वाडी, म्हणजे फुलांचे दागिने, हा सगळ्यात नाजूक भाग, आणि तो कार्यक्रमाच्या दिवशीच होतो. मुकुट, बिंदी, कानातले, हार, बाजूबंद, गजरे, कंबरपट्टा. आधी तिला निशिगंधाची एक काडी हुंगायला द्या. काहींना त्या वासाने मळमळतं, आणि दोन-तीन तास तेच गळ्यात घालून बसायचं असतं. मळमळत असेल तर पांढरी शेवंती आणि जिप्सोफिला. दोन्हींचा वास निशिगंधाइतका उग्र नसतो. परदेशातही हीच जोडी सुपरमार्केटात मिळते. क्रेप कागदाची फुलं पडद्याला चालतील, अंगावर नकोत. घामाने त्यांचा रंग सुटतो आणि साडीवर उतरतो.

दागिन्यांचा पाया बकरमचा, म्हणजे कडक अस्तराच्या कापडाचा. बाजूबंदाला ४ सेंटीमीटर रुंद, १४ लांब तुकडा, त्याला मागून मऊ सुती कापड आणि दोन्ही टोकांना वीतभर रिबीन. इलॅस्टिक नको: या दिवसांत हातापायांना सूज असते आणि दुपारपर्यंत वाढते, गाठ सैल करता येते, इलॅस्टिक रुततं. कंबरपट्ट्याचं माप तिला बसवूनच घ्या. उभ्याने घेतलेलं माप बसल्यावर तोकडं पडतं. फुलं गोंदबंदुकीने चिकटवायची नाहीत, गरम गोंदाने पाकळी करपून तपकिरी होते. दुहेरी दोरा, गजऱ्याची लांब सुई. निशिगंधाची कळी देठाकडून आडवी ओवली तर हार भरदार होतो, उभी ओवली तर सडसडीत. हार आडवा आणि बिंदी उभी हे बरं दिसतं. सुट्या कळ्या अर्धा किलो आणल्या की सगळे दागिने होऊन ताटाभोवतीही उरतात. पुण्यात मार्केट यार्ड, मुंबईत दादर, पहाटे गेलं तर कळी घट्ट मिळते. गणपती, दसरा, दिवाळीच्या आसपास भाव चढतात, तेव्हा फूलवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवलेलं बरं.

आणल्यावर फुलं कागदावर पसरून हलकेच झटकायची, मुंग्या आणि बारीक किडे निघून जातात. मोगरा संध्याकाळी उमलतो. पाचचा कार्यक्रम असेल तर सकाळी मिटलेल्या कळ्याच ओवायच्या, त्या तिच्या अंगावर फुलतात. तयार दागिने ओलसर, पिळून घेतलेल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. पाणी शिंपडायचं नाही, मोगऱ्यावर डाग पडतात. ओटीची केळी, सफरचंदं त्याच कप्प्यात नकोत. पिकत्या फळांमुळे फुलं लवकर कोमेजतात.

ओटीच्या ताटाला आणि पेढा-बर्फीच्या वाट्यांना मी फार सजवत नाही. दोन वाट्या सारख्या, झाकणं सारखी आणि पेढ्याचा वास बाहेर येणार नाही अशी घट्ट, एवढं पाहिलं की झालं.

चौकट, पडदा, कोर आणि दिवे आदल्या संध्याकाळी उभे करून कुणाला तरी खुर्चीवर बसवून, फोटो काढणारे उभे राहतील तिथून मोबाइलने एक फोटो घ्यायचा, फ्लॅशशिवाय. कोर डोक्यातून उगवल्यासारखी दिसत असेल तर खुर्ची वीतभर डावीकडे सरकते. खोलीतला वरचा दिवा तिच्या डोक्यामागे असेल तर तो बंद, समोरच्या बाजूचा चालू.

कार्यक्रम झाल्यावर आधी दागिने उतरवा, ओल्या फुलांचा डाग साडीला धरतो. कोर भिंतीला टेकवून ठेवू नका, सनबोर्ड आठवड्याभरात वाकतो. पट्ट्या काढून पलंगाखाली आडवी ठेवली तर बारशाला पाळण्यामागे तीच लावता येते. पट्ट्या परत तिथेच लागाव्यात म्हणून काढण्याआधी त्यांच्या जागा मागे पेन्सिलने आखून घ्या.