ईस्टरचं अंडं लाल का?

ईस्टरची अंडी म्हणजे जुन्या वसंतदेवीची पूजा, असं दरवर्षी ठासून सांगितलं जातं. पुरावा तोकडा आहे. या इओस्त्रे देवीचा उल्लेख इंग्लंडमधल्या बीड या मठवासीयाने इ.स. 725च्या सुमारास केला, पण त्यात ना अंडं आहे ना ससा. साधं कारण उपासाचं: ईस्टरआधी चाळीस दिवस अंडी वर्ज्य, कोंबड्या मात्र घालतच राहणार! साठलेली अंडी मग ईस्टरला निघत.

ग्रीसमध्ये ती पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी, लाल रंगवतात. लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त. घरगुती रंग कांद्याच्या सालींचा. दहा-बारा कांद्यांची कोरडी सालं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, गार करा, दोन चमचे व्हिनेगर घाला. त्यात अंडी मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजवा. फ्रीजमधलं अंडं थेट उकळत्या पाण्यात सोडलं तर तडकतं. कवचाला तेलकट बोट लागलं तर तिथे डाग राहतो. व्हिनेगर जास्त झालं तर कवचच विरघळू लागतं.

शुभेच्छा देताना मात्र जरा थांबा. ग्रीससारख्या देशांतल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचा ईस्टर बहुधा वेगळ्या रविवारी येतो (2026मध्ये 5 एप्रिलऐवजी 12 एप्रिल), आणि ‘जेहोवाचे साक्षीदार’ या पंथाचे लोक तो पाळतच नाहीत. त्यांना अंडी देण्याचा आग्रह नको, इओस्त्रेवरून वादही नको.