डाव कुणावर?

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी शिक्षकांच्या आठवणी लिहा, असं समितीच्या पोरांनी फोनवर सांगितलं. (पोरं म्हणतो खरं, त्यातले दोघं आजोबा झालेत.) गुरुजनांवर लिहिणारे माझ्यापेक्षा हुशार विद्यार्थी आपल्या शाळेनं पुष्कळ काढले. वर्गात मी किती शिकलो याचा पुरावा दहावीच्या गुणपत्रिकेत आहे, तो झाकलेलाच बरा. मी लिहितोय ते घंटा झाल्यानंतरचं.

घंटा झाली की दप्तर, म्हणजे खताच्या पोत्याची पिशवी, ओसरीवर भिरकवायची आणि मारुतीच्या पारामागं पळायचं. एक गल, म्हणजे जमिनीतला लांबट खड्डा, कोरलेली असायची. तिच्यावर बाभळीची विटी आडवी ठेवायची आणि दांडूनं कोलायची. कुणी झेलली तर डाव गेला. वाचलो तर विटीच्या टोकावर टोला मारून तिला उडवायचं आणि हवेतच हाणायची. मग अंतर दांडूनं मोजायचं : वकट, लेंड, मुंड, नाल... आकडा थांबेल त्याप्रमाणं पुढची विटी पायावरून, मुठीवरून नाहीतर डोळ्यावरून मारायची. डोळ्यावरून मारताना सगळं गाव आभाळात दिसायचं.

हे शब्द काय आहेत, असा प्रश्न दहा वर्षं खेळून एकाच्याही डोक्यात आला नाही. पुढं बँकेत लागलो आणि बदली झाली आताच्या तेलंगणातल्या जहीराबादला. पहिल्याच आठवड्यात कॅशियर नोटांची बंडलं मोजत होता : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मी खुर्चीतून उठलोच. माझा वकट, माझा लेंड, माझा मुंड! आम्ही तेलुगूत मोजत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता. पुण्याकडची पोरंसुद्धा असंच मोजायची, हे नंतर कळलं. पुस्तकात कधीच न छापलेलं हे गणित पोरांनी पोरांना सांगत किती पिढ्या चालवलं असेल!

पण मला खरं सांगायचंय ते 'डाव देणं' या गोष्टीबद्दल. ज्याच्यावर डाव आला त्यानं तो द्यायचा. घामाघूम झाला, अंधार पडला, माय हाका मारायला लागली तरी बुडवायचा नाही. बुडवला तर दुसऱ्या दिवशी कुणी भिडू म्हणून घेत नसे, आणि त्याहून मोठी शिक्षा आमच्या जगात नव्हती. लहान भावंडं सांभाळत खेळावं लागायचं, म्हणून त्यांना 'कच्चं लिंबू' करायचं. ते धावायचं, ओरडायचं, पण आऊट व्हायचं नाही. ज्या दिवशी त्याला स्वतःला वाटायचं की आपण आता पिकलो, त्या दिवशी ते रडून भांडून डाव मागून घ्यायचं. अर्धा वेळ तर भांडणातच जायचा. विटी गलीला लागली की नाही, यावर आईच्या शपथा, शेंडीच्या शपथा. शेवटी तडजोड करावीच लागे, कारण उद्या खेळायला हीच सात टाळकी होती.

सगळं गोडच होतं असं नाही. माझी बहीण विटी-दांडू कधी खेळली नाही. ती गजगे (सागरगोटे) खेळायची, कारण कडेवरचं लेकरू मांडीत घेऊन उंबऱ्यावर बसून खेळता येईल असा तोच एक खेळ होता. बहात्तरच्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची. आम्ही भावंडं तिथंच, दुपारी सुकडी खायची आणि खेळायचं. बहिणीनं गजग्यांऐवजी खडीचे पाच तुकडे घेतले, बोटं सोलून निघाली. आणि आपल्याच वर्गातली खालच्या वस्तीतली पोरं शाळेच्या मैदानावर माझ्या बाजूला खो-खो खेळायची, पण पारामागं त्यांना जागा नव्हती. तेव्हा ते खटकलं नाही. आता खटकतं. एकाच्या भुवईवर विटी बसून चार टाके पडले होते, तेव्हा आजच्या आईबापांच्या भीतीला मी हसत नाही.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीच्या भूकंपाची तारीख तुम्हाला सांगायला नको. गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाट व्हायची होती आणि चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदं माणसांवर बसली. मी जहीराबादहून संध्याकाळी पोचलो. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. दीड महिन्यानंतरचं एक लिहितो.

पत्र्याच्या शेडसमोर लेकरं खेळत होती. सगळी जमिनीवर निजलेली, एक उभा. तो ओरडला, "हाललं!" सगळी उठून पळाली. जे सगळ्यात मागं राहिलं ते मेलं. ते आडवं पडलं आणि बाकीच्यांनी हातांनी माती उकरल्यासारखं करून त्याला बाहेर काढलं. मग त्याच्यावर डाव.

माझं डोकं फिरलं. "काय करलालाव रे हे?" म्हणून मी हात उगारला. मागून खो-खोच्या सरांनी दंड धरला. त्यांच्या घरातली दोन माणसं गेली होती. ते एवढंच म्हणाले, "खेळू दे. बघ, त्यांच्यातलं मेलेलं उठतंय."

पुढं बावन्न गावं दुसरीकडं वसली, त्यांत आपलंही एक. लोक म्हणतात, मोबाइलनं खेळ खाल्ले. आपल्या गावात मोबाइल यायच्या आधीच निम्मे खेळ गेले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नवीन गाव सरळ रेषांत. रस्ते एवढे रुंद की दोन ट्रक शेजारून जावेत. घरं जमिनीच्या मानानं मिळाली, २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची, त्यामुळं जुन्या गल्लीतली घरं चार दिशांना पांगली. घरं मजबूत आहेत, तक्रार नाही. भूकंपातून उठलेल्या माणसाला रुंद रस्ताच हवा होता. पण लपाछपीला बोळ लागतो, खिंडार लागतं, एकमेकांना चिकटलेली माळवदं लागतात. एका हाकेत सात टाळकी जमायची, ती हाक आता पोचत नव्हती. एका पोरानं तेव्हा मला सांगितलं होतं, "काका, इथं लपलं तरी दिसतंय."

माझा नातू पुण्यात वाकडला अकराव्या मजल्यावर राहतो. खाली बाग आहे आणि बागेत 'चेंडू खेळण्यास मनाई' ही पाटी आहे. शनिवारी फुटबॉलचा क्लास, तासाचे पैसे, शिट्टी सरांच्या तोंडात. बाकी वेळ हेडफोन लावून मित्रांशी मोबाइलवर खेळतो. मी शेजारी बसून पाहिलं. वाईट नाही, खरंच. ओरडतात, डावपेच आखतात, मेलेले परत उठतात. फक्त एक गोष्ट नाही : आऊट कोण, हे यंत्र ठरवतं. शपथ घ्यायची वेळच येत नाही. आणि भांडण झालं तर बटण दाबून निघून जाता येतं. पारामागून असं कुणाला निघून जाता आलं असतं?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी आणि मुलांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. नातवाच्याच मोबाइलवर बघितलं. झकास मॅट, दिवे, कॅमेरे. आपल्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा मी बँकेतल्या लोकांना पेढे दिले होते, निवृत्त झालेलो असून. मुरमाच्या मैदानावर बाभळीचे दोन खांब रोवणाऱ्या आपल्या सरांनी हे पाहायला हवं होतं.

गेल्या मे महिन्यात नातवाला गावी आणलं. जुन्या गावठाणात आता बाभळी माजल्यात, पण पारामागची जागा अजून मोकळी आहे. चुलतभावाच्या नातवंडांना गोळा केलं, विटी तासून दिली, गल कोरली, वकट-लेंड पाठ करून घेतलं. मग दगडावर बसलो. दहाव्या मिनिटाला भांडण. नातू म्हणतो विटी जमिनीला लागून उडाली, समोरचा म्हणतो सरळ झेलली. शपथा झाल्या. कुणी हटेना. सगळे माझ्याकडं वळले.

"आजोबा, तुम्ही सांगा, आऊट आहे का मी?"

मी स्पष्ट पाहिलं होतं.

"मला न्हाई दिसलं बाबा," म्हणालो आणि चष्मा काढून धोतराला पुसत बसलो.