घरचं घड्याळ, नोंद ४: क्रिस्टल निर्दोष, फ्लोट गुन्हेगार

घरी बनवलेलं डिजिटल घड्याळ वेळ चुकवतं म्हणून मागच्या नोंदीत क्रिस्टलला, म्हणजे बोर्डाला वेळेचा ठेका देणाऱ्या क्वार्ट्झच्या तुकड्याला, भरपूर शिव्या घातल्या होत्या. त्या सगळ्या मागे घेतो.

झालं असं. रात्री नऊला घड्याळ फोनशी जुळवून चालू केलं. सकाळी सहाला बघतो तर दीड मिनिट मागे. ठीक आहे, स्वस्तातला बोर्ड, म्हणून सोडून दिलं. पण रात्री नऊला तेच घड्याळ बारा मिनिटांहून जास्त पुढे! क्रिस्टल बिघडला तरी एकाच दिशेने चुकेल. सकाळी मागे आणि रात्री पुढे कसा पळेल? शिवाय २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस इतकी चूक असणारा) क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास चुकतो, बारा मिनिटं नव्हे. इथे डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी मात्र सोल्डरिंग तपासत बसलो.

कोड साधा होता. ईएसपी३२ (घड्याळातला छोटा संगणक-बोर्ड) चा टायमर दर दशांश सेकंदाला, म्हणजे दर टिकला, फ्लॅग (खूण) लावतो, लूपमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये, एका फ्लोटमध्ये (अपूर्णांक साठवणाऱ्या ३२ बिटांच्या आकड्यात) ०.१ मिळवायचा. ती बेरीज म्हणजे चालू केल्यापासूनचे सेकंद.

आता ०.१ हा आकडा आपल्याला साधा वाटतो, पण बायनरीत, म्हणजे संगणकाच्या फक्त ० आणि १ च्या लिखाणात, तो संपतच नाही. आपल्याकडे एक तृतीयांश लिहिताना ०.३३३ चं शेपूट वाढत जातं, तसंच. बायनरीला फक्त अर्धा, पाव, अर्धपाव असेच तुकडे नेमके कळतात. म्हणजे पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ असलेल्या आजोबांचे अपूर्णांक फ्लोटमध्ये अचूक बसले असते. जुना आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, आण्याचे चार पैसे, म्हणजे चौसष्टावा भाग, दोन्ही अचूक. १९५७ साली दशमान नाणी आली आणि पैसा शंभरावा भाग झाला. तो बायनरीत बसत नाही. (जुनी पै मात्र तेव्हाही बसली नसती, रुपयाच्या १९२ पै, त्यात तीन लपलेला आहे.)

पण खरा घोटाळा त्यापुढचा. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये आकड्यासाठी २४ बिटच (० किंवा १ च्या जागा) असतात, न लिहिता गृहीत धरलेला पहिला १ धरून. बेरीज वाढत गेली की फ्लोटला लिहिता येणाऱ्या शेजारच्या दोन आकड्यांमधलं अंतरही वाढतं. बेरीज ३२,७६८ सेकंदांच्या (साधारण नऊ तासांच्या, म्हणजे सकाळी सहाच्या) पुढे गेली की ते अंतर १/२५६ होतं. ०.१ म्हणजे असे २५.६ तुकडे, ते गोल होऊन २६ होतात, म्हणजे दर टिकला ०.१०१६ ची भर. घड्याळ पळतं. त्याआधीच्या टप्प्यात अंतर १/५१२, तिथे ५१.२ चे ५१ होतात आणि घड्याळ रेंगाळतं. सकाळचं मागे आणि रात्रीचं पुढे, दोन्ही सुटलं.

मग हौसेने लॅपटॉपवर तोच लूप पुढे पळवला. बेरीज १,३१,०७२ पासून ५,२४,२८८ पर्यंत दर टिकला ०.०९३७५, त्यानंतर थेट ०.१२५. आणि २०,९७,१५२ ला शेजारचं अंतर पाव सेकंद होतं, ०.१ त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून बेरीज हलतच नाही. खरे एकवीस दिवस होत आले असताना घड्याळ २४ दिवस ६ तास ३२ मिनिटं ३२ सेकंदांवर कायमचं थांबलं. बोर्ड गरम नाही, एरर नाही, काही नाही. मला तर ते बघून भीतीच वाटली.

डबल (६४ बिटांचा मोठा फ्लोट) वापरा, असं कुणी सुचवेलच. चालेल, पण रोग तोच. दहा वेळा ०.१ मिळवून बघा: फ्लोटमध्ये १.००००००१ येतं, म्हणजे जास्त, डबलमध्ये ०.९९९९९९९९९९९९९९९९, म्हणजे कमी. बरोबर १ झाला का, असं विचारणारा कोड दोन्हीकडे फसतो.

१९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियात धाहरानला पॅट्रियट या क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या अमेरिकी यंत्रणेत असाच ०.१ होता, २४ बिटांत कापलेला. शंभर तास सलग चालल्यावर ०.३४ सेकंदांची चूक साचली, येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र यंत्रणेला अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक गेले. दुरुस्त सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी तिथे पोचलं.

माझी दुरुस्ती दोन ओळींची. टिक पूर्णांकात मोजायचे आणि डिस्प्लेला देताना दहाने भागायचं. ३२ बिटांचा बिनचिन्ही पूर्णांक दशांश सेकंदाने मोजत १३ वर्षांहून जास्त पुरतो.

तीन दिवस झाले, घड्याळ दिवसाला दीडेक सेकंद पुढे जातंय, रोज एकाच दिशेने. हा मात्र क्रिस्टलच. डीएस३२३१ (वेळ अचूक राखणारी घड्याळाची चिप) मागवलाय.