घाटातल्या पावसासाठी बूट: मोजमापापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

मार्च: नेमकं काय वाचवायचंय?

बाईक हिमालयन ४११, मुक्काम पुणे. आठवडाभर ऑफिस, सुट्टीला ताम्हिणी नाहीतर वरंधा, आणि घाट उतरला की कोकणातले लाल मातीचे रस्ते. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, नी-गार्ड हे सगळं टप्प्याटप्प्याने झालं, पाय तेवढे राहिले होते. आपल्याकडे बहुतेकांचा क्रम हाच. हेल्मेटची सक्ती आहे, बुटांबद्दल कायदा गप्प आहे, आणि पावसाळ्यात गमबूट घालून बुलेट हाकणारे कोकणात पैशाला पासरी.

ब्रँड बघायच्या आधी मी एकच प्रश्न धरला: माझ्यासारखा माणूस पडतो कसा? हायवेवर शंभरच्या वेगाने घसरणं हा एक प्रकार झाला. पण घाटात नि कच्च्या रस्त्यावर जास्त वेळा होतं ते वेगळंच. खडीवर यू-टर्न घेताना पुढचं चाक सरकतं, पाय टेकवायला जावं तर खाली शेवाळ, आणि १९९ किलोची गाडी निवांत, जवळजवळ थांबलेल्या अवस्थेत, पायावर आडवी होते. अशा वेळी चामडं रस्त्यावर किती टिकतं याला फारसा अर्थ नसतो. तळ आडव्या दाबाने चेपतो का, घोटा मुरगळतो का, गाडीखाली अडकलेला पाय बुटातून निसटतो का, हे बघावं लागतं. माझी सगळी निवड या तीन गोष्टींवर बेतलेली आहे. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल.

लेबल वाचायला शिका

दुकानात "सर, सीई आहे" (म्हणजे युरोपियन सुरक्षेची खूण आहे) एवढं ऐकून मान डोलवू नका. बुटाची जीभ उचलून आतलं लेबल बघा. मोटरसायकलस्वाराचं चित्र, त्याच्याजवळ ईएन १३६३४ (मोटरसायकल बुटांचं युरोपियन मानक) आणि बहुधा २०१७ हे साल, आणि खाली चार आकडे. प्रत्येक आकडा १ किंवा २, २ म्हणजे वरची पातळी. क्रम ठरलेला आहे: बुटाची उंची, घासून झिजण्याला विरोध, धारदार वस्तूच्या आघाताला विरोध, आणि शेवटचा आडवा ताठपणा. या शेवटच्या चाचणीत बूट रुंदीच्या दिशेने दाबतात आणि तो किती चेपतो ते मोजतात. म्हणजे गाडी पायावर आडवी होते तेव्हाचा प्रसंगच. म्हणून मी चौथा आकडा आधी बघतो. तिथे १ असेल तर बाकी कितीही देखणा जोड असो, माझ्या कामाचा नाही.

आता खरी गोम. घोट्यावरच्या आघाताची चाचणी या मानकात ऐच्छिक आहे! ती दिलेली असेल तर लेबलवर आयपीए ही अक्षरं येतात. नडगीसाठी आयपीएस (हो, तेच, पण इथे पोलिसांचा संबंध नाही). पाणी अडवण्यासाठी डब्ल्यूआर, तेल-पेट्रोलला दाद न देणाऱ्या तळासाठी एफओ. म्हणजे चारही आकडे २ असलेल्या बुटातसुद्धा घोट्याच्या वाट्या नुसत्याच बसवलेल्या असू शकतात, कुणीही न तपासता. बाहेरून हाताला टणक लागतात, आपण खूश होतो. मी आयपीए नसलेले जोड यादीतून काढले, आणि यादी एका फटक्यात अर्धी झाली.

"इंडस्ट्रियल सेफ्टी शूज घे की, स्वस्त पडतील" हा सल्ला दर दोन दिवसांनी मिळतोच. आयएस १५२९८ या भारतीय मानकाच्या सेफ्टी शूजची बोटांवरची टोपी २०० जूलचा आघात झेलते, यात वाद नाही. पण ते सगळं संरक्षण बोटांपुरतं. घोट्याला काही नाही, आणि त्या जाडजूड टोपीमुळे नाक गिअर लिव्हरखाली घालताना कसरत होते ती वेगळी.

एप्रिल: पाय मोजणे, आणि साइझचा घोळ

पाय संध्याकाळी मोजायचा, कारण दिवसभरात तो सुजतो. रायडिंगचे जाड मोजे घालून, टाच भिंतीला लावून, कागदावर उभं राहून. दोन्ही पाय. माझा डावा २६४ मिमी, उजवा २६८. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा, धाकट्याची भर सुखतळ्याने काढता येते.

युरोपियन साइझ ६.६७ मिमीच्या पायऱ्यांनी वाढतो, आपल्याकडे चालणारा यूके साइझ ८.४६ मिमीच्या. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर नीट बसूच शकत नाहीत, म्हणून एकाचा ८ म्हणजे ४२ आणि दुसऱ्याचा ८ म्हणजे ४२.५ असा गोंधळ होतो. त्यात कित्येक टुरिंग बुटांत अर्धे साइझ मिळत नाहीत. त्या त्या ब्रँडचा मिलिमीटरमधला तक्ता असेल तर तोच खरा, चपलेचा नंबर विसरायचा.

लांबीपेक्षा रुंदी जास्त छळते. मोटरसायकल बुटांची बरीच मोठी नावं इटलीत एकाच टापूतली आहेत, व्हेनेतो प्रांतात मॉन्तेबेल्लुना आणि असोलोच्या आसपासची. अल्पाइनस्टार्स १९६३ साली असोलोतच सुरू झाली. टीसीएक्स, सिडी, गार्ने तिथलेच शेजारी. डोंगरी बूट नि स्की बूट करणाऱ्यांचा हा जुना मुलूख. कारागिरी उत्तमच, पण त्यांचा फर्मा, म्हणजे ज्या साच्यावर बूट बेततात तो, युरोपियन पायाचा. आयुष्यभर चपला घातलेला माझा चवडा पसरट, त्यामुळे ४२ चा एक इटालियन जोड लांबीला चोख बसूनही करंगळीला चावत होता. ओराझो, क्लान असे इथले ब्रँडही बघितले. हे वाचून कुठलाही ब्रँड डोळे झाकून मागवू नका, फर्मा मॉडेलगणिक बदलतो.

दुकानात मी काय करतो ते सांगतो. आधी बूट हातात घेऊन एका हाताने टाच, दुसऱ्याने नाक धरायचं आणि ओला पंचा पिळावा तसा पिळायचा. सहज पिळला गेला तर परत ठेवायचा. मग तळाच्या मधोमध दोन्ही बाजूंनी अंगठ्यांनी दाबायचं. आतली पट्टी, स्टीलची असो वा नायलॉनची, तिथे जाणवली पाहिजे, कारण पेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) उभं राहिल्यावर सगळा भार त्याच जागी येतो. घातल्यावर बकलं पूर्ण आवळून चवड्यावर उभं राहायचं. टाच आतल्या आत वर सरकली तर तो जोड तुमचा नाही. बोटांना पुढे थोडी मोकळीक हवी, पण टाच हललीच नाही पाहिजे. सेल्समन "वापरून सैल होतील" म्हणतो ते चवड्याबाबत थोडंफार खरं आहे. टाचेबाबत मात्र वापराने ढिलाई वाढतच जाते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वतःची रायडिंग पँट घालून जा. माझ्या नी-गार्डचा खालचा काठ एका उंच बुटाच्या वरच्या काठावर बरोबर टेकत होता. उभं असताना कळलंच नाही, दुकानाबाहेर बाईकवर बसून गुडघा वाकवला तेव्हा नडगीत रुतला. पोटरी भरदार असेल तर वरचा वेल्क्रो कितपत पुरतो तेही तिथेच बघा.

शेवटी घेतला तो टुरिंग प्रकारातला, तीन बकलांचा, मेंब्रेनवाला (आत पाणी अडवणारा पातळ पडदा असलेला), लेबलवर चारही ठिकाणी २ आणि आयपीए. साइझ ४३.

जून: गिअर सापडेना

नवा बूट ताठ असतो हे माहीत होतंच. पण नाकाची जाडी जुन्या बुटापेक्षा इतकी जास्त की लिव्हरखाली पाय घालायला घोटा खाली वाकवावा लागत होता, आणि ताठ बुटात घोटा वाकत नाही. पहिला गिअर पडायचा, दुसऱ्याला न्यूट्रल.

यावर उपाय गाडीत आहे, बुटात नाही. गिअर लिव्हरला गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या लिंकेज रॉडला दोन्ही टोकांना लॉकनट असतात, आणि त्यातल्या एका टोकाचे आटे सहसा उलटे असतात. तो उलट दिशेने सुटतो, तिथे जोर लावून नट खराब करू नका. दोन्ही नट ढिले करून रॉड अर्धा आटा फिरवा, चक्कर मारून या, मग पुढचा अर्धा. लिव्हर वर घेतली की बूट खाली आरामात जातो. ज्या गाडीला रॉड नाही, तिथे लिव्हर दातेरी शाफ्टवरून काढून एक दाता वर बसवावी लागते. मागच्या ब्रेकचं पेडलही थोडं वर घेतलं, कारण जाड तळातून ब्रेकचा अंदाज लागत नव्हता. महिनाभरात पाय सरावला.

जाड तळाचा एक फायदा मात्र झाला. ८०० मिमीच्या सीटवरून पाऊल आता बऱ्यापैकी सपाट टेकतं.

जुलै-ऑगस्ट: पाणी

मेंब्रेन पाणी आत येऊ देत नाही, हे खरं. पण पावसाचं पाणी रेनपँटवरून ओघळत बुटाच्या वरच्या तोंडातून आत उतरतं, आणि एकदा उतरलं की तेच मेंब्रेन ते बाहेरही जाऊ देत नाही. रेनपँट बुटाच्या आत खोचायची नाही, बाहेरून आणि घट्ट. ताम्हिणीतल्या धो-धो पावसात एवढ्यावर पाय कोरडे राहिले. घामाने ओले झाले ते झालेच. बाहेरची हवाच दमट असेल तर आतली वाफ जायची कुठे? घाटमाथ्यावर "ब्रीदेबल" या शब्दाला तेवढीच किंमत.

वाळवण्याची पद्धत: सुखतळा काढून वेगळा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे, ते ओले झाले की बदलायचे, आणि पंख्याखाली ठेवायचा. ऊन, हेअर ड्रायर, गॅसच्या शेगडीजवळची जागा यातलं काही नको. चामडं कडक होतं आणि तळाचा गोंद सुटतो. चिखल वाळायच्या आत धुवायचा. लाल माती बकलांच्या दातांत सुकली की बकल सरकतच नाही.

जुना साठा घेणाऱ्यांसाठी एक सूचना. पॉलीयुरेथेनचा तळ दमट हवेत नुसता पडून राहूनही कुजतो. वरून नवाकोरा दिसणारा जोड घालून चालायला लागलं की तळाचे तुकडे पडतात. सेलमध्ये मिळणाऱ्या जोडाची उत्पादनाची तारीख विचारा. शिवलेला रबरी तळ असेल तर फार बरं, पुढे बदलूनही मिळतो.

आणि हे बूट घालून गड चढू नका. चढताना एकवेळ निभतं, उतरताना प्रत्येक पायरीला वरचा काठ नडगीवर आपटतो. सॅडलबॅगेत साधे सँडल टाकलेले असतात, पार्किंगमध्येच बदलतो.

ऑक्टोबर: सद्यस्थिती

उजव्या तळावर पेगच्या दातांनी पट्टा उमटलाय, खोल नाही. चामड्याला क्रीम लावलं. मधल्या बकलाचा स्क्रू ढिला झाला होता, तो थ्रेडलॉकर (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावून पुन्हा बसवला. बाकीचेही काढून तसेच बसवले. टाच अजून जागची हलत नाही. उजव्या करंगळीजवळ लांब पल्ल्याला थोडा दाब येतो, म्हणून दिवाळीनंतर ओळखीच्या चर्मकार काकांकडे तेवढीच जागा फर्म्यावर ताणायला देणार आहे. मेंब्रेनच्या शिवणींवर आतून टेप असते, त्यामुळे एका रात्रीत नाही, रोज थोडंथोडं ताणायला सांगितलंय. बूट परत आले की बादलीत उभे करून आधी पाणी शिरतं का ते बघीन, मगच लांबच्या राइडला काढीन.