खोबरूच्या उंचीवर बसून

डिचोली, रविवार, 13 जुलै

पहाटेपासून पावसाने उसंत घेतलेली नाही. आज आमच्या म्हाताऱ्या सशाचे, खोबरूचे वजन केले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवायची, त्याला टोपलीत बसवायचे आणि तो स्थिर होईपर्यंत कोथिंबिरीची काडी तोंडाशी धरायची, अशी आमची रविवारची पद्धत आहे. टोपलीचे वजन वजा जाता 1 किलो 780 ग्रॅम भरले. चैत्रात त्याची सोबतीण तिळी गेली त्या आठवड्यात तो 1 किलो 910 ग्रॅम होता आणि पुढच्या तीन आठवड्यांत 1 किलो 690 पर्यंत उतरला होता. घरात नीट सांभाळलेले ससे साधारण आठ ते बारा वर्षे जगतात. खोबरूला नऊ पूर्ण झाली आहेत. या वयात गेलेल्यातले नव्वद ग्रॅम परत आले, हे मी थोडे मानत नाही.

तिळीला गर्भाशयाची गाठ होती. शस्त्रक्रिया न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा हा कर्करोग फार आढळतो, हे आम्हाला कळले तेव्हा उशीर झाला होता. ती गेल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही तिला लगेच उचलले नाही. सोबतीण गेल्याचे त्याला हुंगून कळावे म्हणून काही वेळ त्याच्याजवळच राहू दिले. त्याने तिचा कान चाटला, नाकाने दोनदा ढोसले आणि मग तिला लागून पसरला. तासाभराने उठून पाणी प्याला. त्यानंतरचे दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि गवताला शिवला नाही. सशाने दहा-बारा तास काही खाल्ले नाही तर त्याचे आतडे मंदावून थांबू शकते, आणि तेवढ्याने जीवही जातो. म्हणून सिरिंजने पातळ खाणे भरवत मी ती रात्र जमिनीवरच काढली. मला वाटते, पुढच्या सगळ्याची सुरुवात त्या रात्री झाली.

त्याला दुसरी सोबतीण आणा, असे सगळ्यांनी सुचवले. शेजारची मुलगी तर पिल्लू हातात घेऊनच दारात आली. "काकी, हे न्या. खेळेल त्याच्याशी." मी नको म्हटले, त्याचे तिला वाईट वाटले असावे. ससे कळपात राहणारे खरे, पण आपल्या जागेविषयी तितकेच कडवे असतात. अनोळखी सशांना एकदम एकत्र सोडले तर चावून रक्त काढतात. हळूहळू ओळख करून देण्यात कित्येक आठवडे जातात. एखाद्या म्हाताऱ्या सशाला नव्या सोबतीने उभारी येतही असेल, पण खोबरूच्या मागच्या पायांच्या सांध्यांत संधिवात आहे आणि अंगावर येणाऱ्या तरुण सशापासून त्याला दोन उड्या मारूनही दूर होता येणार नाही. शिवाय तो गेल्यावर ते पिल्लू एकटे पडेल आणि मग त्याच्यासाठी आणखी एक आणावे लागेल.

सुनेने मे महिन्यात एक आरसा आणून भिंतीला टेकवून ठेवला होता. खोबरूने तो हुंगला, मग आरशाच्या मागे जाऊन पाहिले. मागे भिंत होती. तो परत पुढे आला, पुन्हा मागे गेला. मी आरसा संध्याकाळपर्यंत उचलून टाकला.

तिळी त्याच्यासाठी नेमके काय करत होती, याची मी नंतर मनाशी उजळणी केली. ती त्याच्या अंगाला लागून झोपायची आणि त्याचे कपाळ, डोळ्यांचे कोपरे आणि कानांची मुळे चाटायची, म्हणजे जिथे त्याची स्वतःची जीभ पोहोचत नाही तिथे. चाटून हवे असले की तो तिच्यासमोर मान जमिनीलगत टेकवून थांबायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने तशीच मान माझ्या पावलाशी टेकवली. तेव्हापासून रोज दोन वेळा मी गोधडीवर बसते आणि कापसाचा ओला बोळा पिळून त्याचे डोळे पुसते. सशाला नाकाच्या अगदी समोरचे दिसत नाही, म्हणून हात समोरून न नेता बाजूने कपाळावर ठेवायचा आणि दोन बोटांनी नाकापासून कानांकडे फिरवत राहायचे. थोड्या वेळाने त्याच्या दातांचा बारीक कटकट आवाज येतो आणि बोटांखाली जबडा थरथरलेला कळतो. हाच आवाज मोठा आणि करकरता झाला, तर मात्र ते दुखण्याचे लक्षण.

वेळेचेही मला उशिरा उमगले. निवृत्तीनंतर दुपार मोकळी, म्हणून मी दुपारी त्याच्याकडे जात होते आणि तो डोळे अर्धवट मिटून माझ्याकडे दुर्लक्ष करायचा. ससा जागा असतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला. आता पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा भोंगा वाजायच्या आधी मी चहाचा कप घेऊन खाली बसते. भोंगा वाजला की खोबरूचे कान उभे राहतात, कारण त्यानंतर त्याला पुदिना मिळतो, हे त्याने महिन्याभरात बरोबर पकडले आहे. पोदेर एखाद्या दिवशी आला नाही तर आमची दोघांचीही पंचाईत होते.

बाकीची कामे कंटाळवाणी आहेत, पण टाळता येत नाहीत. गुळगुळीत लादीवर त्याचे पाय फाकतात, म्हणून सगळ्या खोलीत जुन्या गोधड्या अंथरल्या आहेत. शी-शूच्या ट्रेची पुढची कड कापून ठेंगणी केली. सुके गवत या दमट हवेत दोन दिवसांत बुरसते, ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून दर वेळी हुंगून मगच द्यायचे. वाकता येत नसल्याने मागचा भाग त्याला स्वतःला साफ ठेवता येत नाही, आणि तिथल्या ओल्या केसांवर माशीने अंडी घातली तर एका दिवसात अळ्या होऊन मांसात शिरतात. पावसाळ्यात मी दिवसातून दोनदा शेपटीखाली पाहते. पाहुण्यांसमोर हे सांगितले की सून डोळे मोठे करते.

सोमवार, 14 जुलै

रात्री वीज गेली होती. मेणबत्ती लावून खाली बसले, तर उठताना माझाच गुडघा धरला. सांधेदुखीचे औषध आम्ही दोघेही घेतो. त्याचे मेलॉक्सिकॅमचे थेंब डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिले आहेत.

मी हात टेकून तशीच बसून राहिले. खोबरू आला, माझ्या मनगटाला नाक लावले आणि चाटू लागला. घड्याळाच्या पट्ट्यापाशी येऊन थबकला, तो हुंगला आणि पट्टा ओलांडून पलीकडून पुन्हा सुरुवात केली. आज सकाळी घड्याळ काढून कपाटात ठेवले.