फोटोतले मंत्री आणि रकाना क्रमांक चार

रकाना क्रमांक चार. आजही आठवला की डोकं तापतं.

सावंतवाडीच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. बहुतेक गणवेशातली माणसं, मधोमध सुभाषबाबू, मागे पेन्सिलीने '१९४३, सिंगापूर'. बस. "यातलो एक आपल्या तिरोड्याचो," एवढंच आजी सांगायची. म्हणजे नेताजींच्या आझाद हिंद सरकारातले जगन्नाथराव भोंसले. पण कुठला?

नावं मिळणं अवघड नव्हतं. २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापूरच्या कॅथे इमारतीत आझाद हिंद सरकारची घोषणा झाली, तिच्याखाली मंत्र्यांची सगळी यादी आहे. नेताजी, एकमेव बाई म्हणजे कॅप्टन लक्ष्मी आणि पगडीमुळे गुलझारा सिंग, हे पहिल्याच संध्याकाळी जुळले. पण लष्कराचे प्रतिनिधी आठ, शिवाय अर्थखातं सांभाळणारे चॅटर्जीही लेफ्टनंट कर्नलच. एकाच पोशाखातली, एकाच ऐटीत उभी असलेली माणसं ओळखायची कशी?

म्हणून एका अभिलेखागारात गेलो. अर्जात चौथा रकाना : 'छायाचित्राचा क्रमांक व त्याखालील ओळ'. मी रिकामा ठेवला.

"हा भरल्याशिवाय अर्ज घेता येत नाही."

"अहो, खाली काय ओळ असेल तेच तर शोधायला आलोय."

"मग शोधून या, लगेच घेतो."

दुसऱ्या टेबलावर गेलो, तर तिथल्या मॅडम जेवायला गेलेल्या. सव्वा तासाने आल्या आणि म्हणाल्या, संस्थेच्या लेटरहेडवर पत्र आणा. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, माझी कसली संस्था? शेवटी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने लिहून दिलं की सदर सभासद मेंटेनन्स वेळेवर भरतात व अभ्यासू आहेत. खोटं वाटेल, पण ते चाललं! तिसऱ्या खेपेला सूचीचे खण उघडले. 'भोसले' खाली ढीगभर कार्डं, आमचे एकही नाही. दोन तासांनी लक्षात आलं की अनुस्वाराचे भोंसले वेगळ्या खणात आहेत. तिथे होतं एक कार्ड. त्यावरचा फोटो पाहायचा तर नवा अर्ज. त्यातही रकाना चार. आणि कार्डावर क्रमांकाच्या जागी उंदराने कुरतडलेलं. मी हात जोडले आणि घरी आलो.

उत्तर भलतीकडेच मिळालं. भोंसले पुढे पहिल्या लोकसभेत निवडून गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. म्हणजे दोन सरकारांत मंत्री. खासदारांचे फोटो मिळतात. त्याच यादीतले शाहनवाज खानही तसेच, ते रेल्वेचे उपमंत्री होते. दोघांचे उतारवयाचे चेहरे शेजारी ठेवून आधी कान पाहिले. केस जातात, गाल सुटतात, कानाची ठेवण फारशी बदलत नाही. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे आमचे भोंसले! बायकोला स्वयंपाकघरातून ओढून आणून दाखवले. ती म्हणाली, "बरं." पोळी करपली होती.

हो, एक राहिलंच. हे सगळं करण्याआधी फोटो उलटा छापलाय का ते बघा, नाहीतर डावं-उजवं सगळंच चुकतं. पुरुषाच्या सदऱ्याची डावी पट्टी वर येते. माझ्या प्रतीत उजवी वर होती. म्हणजे भोंसले खरं तर उजवीकडून तिसरे. आणि हुद्द्यावर विसंबू नका. भोंसले आणि यादीतलेच कियानी पुढे मेजर जनरल झाले, त्यामुळे नंतरच्या कागदांत 'लेफ्टनंट कर्नल' शोधाल तर सापडणार नाहीत.

मागच्या महिन्यात त्या कार्यालयाचं पत्र आलं : 'रकाना क्रमांक ४ अपूर्ण असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'